सुभेदारांचा सतरा मार्च

सुभेदारांनी संत्र्याच्या चार फोडी केल्या, त्यातली एक सालीसकट इनॅमलच्या पांढऱ्या मगात टाकली आणि खलबत्त्यातला बत्ता उचलला. "अहो, नको" हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते, पण शेजारी बसलेल्या मामाने मांडीला असा काही चिमटा काढला की मी ते गिळले. ठक, ठक, ठक. मग हळूच टक, टक. साल, गर, बिया, सगळं एकजीव झालं.

"ही अस्सल आयरिश रीत हाय, पाव्हणं," सुभेदार म्हणाले. "ओल्ड फॅशन. म्हंजे जुनी पद्धत. पुस्तकात गावायची न्हाई."

पुस्तकात ती खरंच नव्हती. पुण्यातल्या एका बारमध्ये मी सहा वर्षं रोज दहा-बारा ओल्ड फॅशन्ड बनवत होतो. थोडी साखर, कडू अर्काचे दोन थेंब, व्हिस्की, बर्फ आणि संत्र्याच्या सालीची एक पातळ पट्टी. तीही फक्त वरची केशरी; आतला पांढरा पापुद्रा राहिला तर पेय बिघडलंच म्हणून समजा. नव्या मुलांना मी हे शिकवायचो आणि पांढरं ठेवलं तर पुन्हा करायला लावायचो. आणि इथे माझ्यासमोर एक सहा फुटी माणूस अख्खी फोड बत्त्याने ठेचत होता, आणि मी हसतमुखाने मान डोलवत होतो. कारण सुभेदारांच्या माहितीप्रमाणे मी एका हॉटेलात मॅनेजर होतो आणि त्यांची मुलगी बघायला आलो होतो.

हे मॅनेजर प्रकरण सर्जेरावमामाचं. मी बायोडेटावर "हॉटेल व्यवसाय" एवढंच लिहिलं होतं. मॅनेजर ही भर मामाने तोंडी घातली, आणि मी तणतणलो तेव्हा मला समजावलं की "बारवर असतो" म्हटलं की गावात लोकांच्या डोळ्यांसमोर गुत्ता उभा राहतो, तेव्हा एकदा अक्षता पडू देत, मग काय ते सांगत बस.

हर्षदाला मात्र मी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. ती पुण्यात माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत होती. जानेवारीत आम्ही दोघं एका हॉटेलात कॉफी प्यायला भेटलो. मी घाम पुसत माझं काम सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की मग पुण्यात चांगली आयरिश व्हिस्की कुठे मिळते ते तुम्हाला माहीत असेल ना? मुलगी बघायला गेलेल्या माणसाला हा प्रश्न माझ्या आधी बहुधा कुणी विचारला नसावा.

मग तिने वडिलांची गोष्ट सांगितली. सुभेदार हिंदुराव जगदाळे शांतिसेनेतून लेबनॉनला गेले होते. तिथे डेक्लन नावाचा एक आयरिश सार्जंट त्यांचा दोस्त झाला. आयरिश लोकांचा सण सतरा मार्चला असतो, आणि त्या सणाला डेक्लनने त्यांना एक पेय करून पाजलं. तेव्हापासून सुभेदार दर सतरा मार्चला दुपारी ते पेय एक मग पितात. एकच मग. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस दारूला हात लावत नाहीत. बाटली सात-आठ वर्षं पुरते, ती आता संपली होती. मी दुसऱ्या दिवशी तिला बाटली आणून दिली आणि त्यानंतर आम्ही भेटत राहिलो. मला ती आवडली होती. साधी आवड नव्हे. ती भेटायची असली की मी सकाळपासून बारमधले ग्लास दोन-दोनदा पुसायचो.

फेब्रुवारीच्या शेवटी तिने तिची अट सांगितली. "तुमच्या कामाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आबांना फसवून मी बोहल्यावर उभी राहणार नाही. सुपारी फुटायच्या आधी तुम्ही त्यांना सांगायचं. तुमच्या तोंडून, माझ्या नाही. नाही सांगितलंत तर हे इथेच संपलं."

म्हणून मी सांगायला आलो होतो आणि मी सांगू नये म्हणून मामा आला होता.

दिवस सुभेदारांनीच ठरवला होता. त्या वर्षी धुळवड नेमकी सतरा मार्चला आली होती. आमच्या सातारा भागात रंग पंचमीला खेळतात, धुळवड म्हणजे मटणाचा दिवस. पण तो वारही सोमवार निघाला, आणि मामाचा सोमवार असतो. स्वयंपाकघरातून रश्श्याचा वास येत होता, आणि मामा शेंगदाण्याचा लाडू हातात धरून देवाची काहीतरी चूक झाली आहे अशा चेहऱ्याने बसला होता. येताना गाडीत त्याने मला बजावलं होतं की ही परीक्षा आहे. सुभेदारांनी दारू पुढे केली आणि तू प्यायलास तर गेलास, नाही प्यायलास तरी गेलास. मग करायचं काय, असं विचारल्यावर तो बराच वेळ खिडकीबाहेरचा ऊस बघत राहिला.

सुभेदारांनी मगात चार चमचे साखर घातली. मग एका किटलीतून गार झालेला कोरा चहा ओतला. काळा, उकळून उकळून कडू झालेला. माझ्या अंगावर काटा आला. त्यावर त्यांनी व्हिस्की ओतली, चांगली दोन बोटं, आणि पळीने ढवळलं. सहा वर्षांत गिऱ्हाइकांनी माझ्यासमोर चांगल्या व्हिस्कीत काय काय ओतलं होतं, कोला, ऊर्जापेयं, एकदा तर नारळपाणी. ते सगळं मी सोसलं होतं. पण त्या बाटलीसाठी मी स्वतः चार दुकानं पालथी घातली होती.

"तुमाला बी एक करतो," म्हणत सुभेदारांनी दुसरी फोड उचलली.

"काका, साल ठेचू नका," मी म्हणालो.

मामाने पुन्हा चिमटा काढला, पण आता उशीर झाला होता. सुभेदारांचा बत्ता हवेतच थांबला. स्वयंपाकघराच्या दारात हर्षदा उभी होती, तिनेही मान वर केली.

"का?" सुभेदार.

खरं तर मी तिथेच सगळं सांगायला हवं होतं. पण माझा स्वभाव असा की तोंडापेक्षा हात लवकर चालतात. मी म्हटलं, मी करून दाखवू का? आणि उत्तराची वाट न पाहता उठलो. सुरी मागितली, ती बोथट निघाली. मग मी काकूंची, म्हणजे हर्षदाच्या आईची, विळी घेतली आणि इस्त्रीच्या पॅंटीत, एक गुडघा वर करून, बैठकीच्या खोलीतच फरशीवर विळीवर बसलो. दुसरं अख्खं संत्रं पात्याला लावून हळूहळू फिरवलं. साल एकसंध निघत गेली, पातळ, केशरी, पांढऱ्याचा टिपूस नाही. विळीवर हे काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही मला ते तितकं चांगलं जमलेलं नाही.

कडू अर्क कुठून आणायचा हा प्रश्न होता. मी काकूंना विचारलं, घरात काडेचिराईत आहे का? त्या म्हणाल्या, तापाला लागतं म्हणून असतंच, पण ताप कुणाला आलाय? मी त्याच्या दोन काड्या, एक लवंग आणि सालीचा तुकडा चमचाभर गरम पाण्यात भिजत घातला. शोकेसमधला काचेचा ग्लास काढला, त्यावर कंपनीचा कागद अजून चिकटलेला होता. साखर, त्या काड्यांच्या पाण्याचे थेंब, व्हिस्की, फ्रीजमधला बर्फ. चमचा ग्लासच्या कडेकडेने फिरवला, आवाज न करता. मग सालीची पट्टी ग्लासवर धरून दोन बोटांनी पिळली. संत्र्याच्या तेलाचा बारीक फवारा उडाला आणि मटणाच्या वासातूनही तो वास खोलीभर झाला. पट्टी ग्लासात सोडून मी ग्लास रुमालाने पुसला आणि सुभेदारांसमोर ठेवला. ठेवताना सवयीने किंचित वाकलो. त्या वाकण्याने राहिलेलं सगळं सांगून टाकलं.

मामाने लाडू पूर्ण तोंडात घातला.

"काका," मी म्हणालो, "मी मॅनेजर नाही. मी बारवर असतो. लोकांना दारू करून देतो, हेच माझं काम आहे. मामांनी तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे माहीत असून मी इथे तुमचे पोहे खाल्ले, म्हणजे मीही खोटाच. हर्षदाला पहिल्या दिवसापासून खरं माहीत आहे. तिने मला तुम्हाला सांगायला पाठवलंय."

सुभेदारांनी हातातला बत्ता खाली ठेवला. तिथून हाकलून दिलं असतं तर मामाच्या गाडीत बसून कराडपर्यंत त्याची बोलणी खात जायचं आणि हर्षदाला पुन्हा कधी भेटायचं नाही, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे होतं.

"मोहिते," ते म्हणाले. मी पाव्हणंवरून मोहिते झालो होतो. ही बढती की उलटं, ते कळायला मार्ग नव्हता. "किती वर्सं झाली ह्या कामाला?"

मी म्हटलं, सहा. मग त्यांनी विचारलं, स्वतः पितोस का? मी सांगितलं की चव बघतो, पीत नाही. पिणाऱ्याला हे काम फार दिवस जमत नाही. गिऱ्हाइकाला जास्त झाली तर काय करतोस? आधी पाणी देतो, मग गप्पांत गुंतवतो, मग गाडीची चावी काढून घेतो आणि रिक्षा बोलावतो. एकेक प्रश्न संपला की ते मान हलवायचे, पण ती होकाराची होती की पुढचा प्रश्न आठवण्याची, सांगता येत नव्हतं.

"आन् पिऊन लोकं मनातलं बडबडत्यात, त्याचं काय करतूस?"

"ते तिथंच राहतं. एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, हे आमच्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात."

त्यांनी माझा ग्लास उचलला. हुंगला. एक घोट घेतला, दुसरा घेतला. सणाचा दिवस म्हणून की काय, त्यांनी आज फेटा बांधला होता आणि सदऱ्यावर पदकं लावली होती. घोट घेताना ती पदकं वाजली.

"ब्येस हाय," ते म्हणाले. "लई ब्येस. डेक्लनच्या परीस चांगलं झालंय." आणि ग्लास बाजूला सरकवला. "पर हे माजं न्हाई."

हे ऐकून मला इतका राग आला की मी घाबरायचंच विसरलो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं ओल्ड फॅशन्ड मी विळीवर बसून केलं होतं आणि तो माणूस ठेचलेल्या सालीच्या चहाकडे परत चालला होता. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात हर्षदाच्या हातातला सुभेदारांचा फोन वाजला.

डेक्लनचा फोन दर सतरा मार्चला याच वेळी यायचा. आपल्याकडे दुपार, तिकडे सकाळ. सुभेदार उठून ताठ उभे राहिले आणि मोठ्या आवाजात इंग्रजी सुरू केलं. ते इंग्रजी फौजेतलं होतं, त्यात क्रियापदं कमी आणि ठामपणा जास्त. त्यांनी डेक्लनला सणाच्या शुभेच्छा दिल्या, गुडघ्यांची चौकशी केली, मग माझ्याकडे बघत तक्रार नोंदवली. घरी एक मुलगा आला आहे, बारमन आहे, धंदेवाईक, आणि तो म्हणतो तुझी रीत चूक. त्याच्याशी तूच बोल. एवढं सांगून फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः समोर उभे राहिले.

पलीकडचा आवाज म्हातारा आणि मिस्कील होता. डेक्लनने आधी विचारलं, तू खरंच बारमन आहेस? मग विचारलं, हिंदूला माझं बोलणं ऐकू जातंय का? सुभेदारांना तो हिंदू म्हणत होता, हिंदुरावचं हिंदू. मी म्हटलं, नाही. मग तो जे बोलला ते मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. आता डेक्लनही राहिला नाही आणि सुभेदारही, आणि हे बोलून कुणाचं काही बिघडणार नाही.

तो म्हणाला, त्या मगात काही रीतबीत नाही, मुला. मला ओल्ड फॅशन्ड येतही नाही, नाव तेवढं ऐकलं होतं. त्या मार्चमध्ये हिंदूचा बाप गेल्याचा निरोप आला. सीमेवर तणाव होता, रजा मिळणं शक्य नव्हतं. दोन दिवस हा माणूस पाण्याशिवाय काही घेईना. तो सारखं म्हणायचा की भावकीतलं कुणीतरी यायला हवं, त्याशिवाय खाता येत नाही. मला त्यातलं काही समजलं नाही. एवढं समजलं की हा असाच राहिला तर आडवा पडेल. आमची पोरं सण साजरा करत होती. मी याच्याच स्वयंपाक्याचा उरलेला गार चहा घेतला, साखर घातली, तिथल्या बागेतलं संत्रं ठेचलं, म्हणजे पोटात काहीतरी जाईल. वर वासापुरती व्हिस्की, एक चमचा, जास्त नाही. आणि सांगितलं की ही आमची जुनी रीत आहे, आजच्या दिवशी नाही म्हटलं तर आमचा अपमान होतो. फौजी माणूस, त्याने सगळा मग संपवला. पुढच्या वर्षी त्याने कृती विचारली. आता काय सांगणार? पंधरा वर्षं तेच चालू आहे. त्याला सांगू नकोस.

मी म्हटलं, नाही सांगणार. त्याने मला सणाच्या शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला.

"काय म्हनला?" सुभेदारांनी विचारलं.

मी म्हटलं की काका, त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि तुम्हाला सांगू नको म्हणाले.

"माज्या दोस्तानं, माज्या फोनवर, माज्या घरात काय सांगितलं ते मला सांगायचं न्हाई?"

मामा घाईघाईने पाणी प्यायला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला की अरे सांगून मोकळा हो, मघाशी एवढं खरं बोललास, त्यात आणखी एक. ते चूकही नव्हतं. दारात हर्षदा होती. वडिलांशी खरं बोल, ही तिची अट होती, आणि मी तिच्याच देखत दहा मिनिटांत तिच्या वडिलांपासून काहीतरी लपवत होतो. तिचा चेहरा वाचता येईना.

सुभेदार एक पाऊल पुढे आले. "मोहिते, पोरगी पायजे का नको?"

"पाहिजे," मी म्हणालो. "दुसरं काही इतकं हवं आहे असं मला कधी वाटलेलं नाही. पण हे नाही सांगणार."

सुभेदारांनी तो मग उचलला, त्यातलं सगळं मोरीत ओतून दिलं, मग विसळला आणि माझ्यासमोर ठेवला. "ठीक. मग माजं मला करून दे. तुजं न्हाई, माजं. बगितलंयस न्हवं एकदा? करून दाव."

मी बत्ता हातात घेतला. पांढऱ्या पापुद्र्यासकट फोड ठेचताना माझा जीव कासावीस झाला, पण ठेचली. तीन जोरात, दोन हळू, त्यांनी केलं होतं तसंच. बघितलेलं विसरायचं नाही ही आमच्या कामातली दुसरी गोष्ट. चार चमचे साखर. किटलीतला चहा. मग मी बाटली उचलली, आणि चमचा बघून भरला. एकच. बाटलीचं बूच लावलं.

सुभेदारांचं माझ्या हातांकडे लक्ष नव्हतं, ते खिडकीपाशी उभे राहून फेटा सारखा करत होते. मी मग दिला. त्यांनी एक घोट घेतला.

ते पलंगाच्या कडेला बसले. दुसरा घोट घेतला, मग तिसरा, आणि मग न थांबता सगळा मग संपवला, तळाचं ठेचलेलं संत्रंसुद्धा बोटाने काढून खाल्लं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसत नव्हते.

"ह्येच," ते म्हणाले. "ह्येच हुतं. पंधरा वर्सं मला गावत न्हवतं. मला वाटायचं तिकडची संत्री येगळी. म्हनून मी संत्री बदलत बसलो. नागपूरची आनली, एकदा तर मोसंबी घालून बगितली." मग त्यांनी बाटलीकडे पाहिलं. मघापेक्षा ती जवळजवळ उतरलीच नव्हती. "दारू किती घातलीस?"

मी बत्ता पुसायला घेतला. त्यांनी ताटातला चमचा उचलून पाहिला, तो ओला होता. त्यांनी तो नाकाशी नेला.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या होत्या. सुभेदार त्यांच्याकडे बघून बोलले, आमच्याशी नाही. वडिलांना ते दादा म्हणत.

"दादा गेलं तवाची गोष्ट. तिकडं डोंगरावर मला कडू घास द्यायला कोन न्हवतं गं."

आमच्याकडे घरात माणूस गेलं की चूल पेटत नाही. भावकीतलं कुणीतरी आपल्या घरून जेवण आणतं, समोर बसतं आणि दुखवट्यातल्या माणसाला पहिला घास खायला लावतं. त्याला कडू घास म्हणतात. तो दुसऱ्याने द्यायचा असतो, आपला आपण घ्यायचा नसतो. माझे वडील गेले तेव्हा मला तो सर्जेरावमामानेच दिला होता, म्हणून सुभेदार काय बोलताहेत ते मला तेव्हाच कळलं. मामालाही कळलं. त्याने मान खाली घातली.

"मी रीत म्हनून पीत आलो," सुभेदार म्हणाले. "दारू वाढवत गेलो. वाटायचं, सणाचा मान हाय, हात आखडायचा न्हाई. आन् त्या गड्यानं मला जेवू घातलं हुतं. चहा आन् साखर. भावकी हुऊन जेवू घातलं आन् वरनं खोटं बोलला माज्याशी, आमची रीत हाय म्हनून." ते हसले आणि नाक पुसलं. "लबाड."

"मी तुम्हाला काही सांगितलं नाही," मी म्हणालो. मला ते स्पष्ट करून घ्यायचं होतं.

"न्हाई सांगितलंस," ते म्हणाले. "मी इचारलं तरी न्हाई सांगितलंस. पोरगी जात हुती तरी न्हाई." मग त्यांनी दाराकडे मान वळवली. "हर्षे, ह्यो बारवर आसतो हे तुला म्हाईत हुतं. मला का बोलली न्हाईस?"

"ते त्यांनी सांगायचं होतं, आबा."

सुभेदारांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "म्हंजे दोगं बी तसलेच," ते म्हणाले, आणि मामाकडे वळले. मामा दचकला. सुभेदारांनी त्याला सांगितलं की मॅनेजरचं खोटं तुमचं, त्याचा हिशोब आपण दोघं नंतर बघू, पण मुलगा मला पसंत आहे. सोयरीक करायची की नाही ते आता माझ्या मुलीने सांगायचं, कारण तिच्या वाटचं मी बोलणार नाही.

मग सगळे हर्षदाकडे बघायला लागले. मीही बघत होतो. इतका वेळ मी बापाला भीत होतो आणि खरी भीती आता वाटली. तिची अट मी अर्धी पाळली होती आणि अर्धी मोडली होती, आणि ती हिशोबाला पक्की होती.

ती पुढे आली. काही न बोलता तिने मग उचलला, त्यात तळाशी राहिलेला थेंबभर चहा जिभेला लावला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"भयंकर लागतंय हे, आबा," ती म्हणाली. "पण करणारा चालेल."